सातवा गडी

कबड्डीचा मोसम सुरू झाला की आमच्या चौथीच्या वर्गातल्या गणिताच्या वह्या दोन्ही बाजूंनी भरायला लागतात. पुढून भागाकार, आणि मागच्या पानापासून उलट्या दिशेनं ‘माझा संघ’. मागची बाजू नेहमी लवकर भरते.

हा खेळ तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रो कबड्डीत जे खेळाडू खरोखर खेळतात, त्यांच्यातले सात निवडायचे आणि वहीत आपला संघ मांडायचा. एक यू मुंबाचा, दोन पाटण्याचे, एक जयपूरचा, कसेही. रात्री ते आपापल्या खऱ्या संघाकडून खेळतात, आणि त्यांनी मिळवलेले गुण दुसऱ्या दिवशी तुमच्या वहीत जमा होतात. मोठी माणसं हाच खेळ फोनवर खेळतात. आमच्याकडे तो वहीत, पेन्सिलीनं. चौघांचा एक गट असतो, चिठ्ठ्या टाकून पाळी ठरते, आणि पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. गटात एकानं घेतलेलं नाव दुसऱ्याला मिळत नाही. दहा गुण झाले की एक चिंचोका. चिंचोक्यांची बँक माझ्या टेबलाच्या खणात.

या बँकेवर एकदा संकट आलं होतं. एक चिरंजीव मामाच्या गावाहून पिशवीभर चिंचोके घेऊन आले आणि वर्गात एकदम श्रीमंत झाले. दोन दिवसांत एका चिंचोक्याची किंमत खोडरबराच्या तुकड्याइतकीही उरली नाही. तेव्हापासून बँकेच्या प्रत्येक चिंचोक्यावर लाल शाईचा ठिपका असतो. नोटा कुणीही का छापू नयेत हे मला त्या आठवड्यात वेगळं शिकवावं लागलं नाही.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट दुसरी. सहा गडी घेऊन झाले, सातवा उरला. समोर दोन नावं. एक चढाई करणारा, एक पकड करणारा. कुणाला घ्यायचं? या एका प्रश्नावर आमच्या वर्गात जितकी भांडणं झाली तितकी खिडकीजवळच्या बाकासाठीसुद्धा झाली नाहीत.

आधी गणित बघू. पुरुषांचा सामना चाळीस मिनिटांचा, वीस-वीसचे दोन डाव. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. म्हणजे पूर्ण वेळ घेतला तरी दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया, एका संघाच्या वाट्याला चाळीसेक. त्यातल्या निम्म्या जर एकच भरवशाचा गडी करत असेल, तर त्याला वीस वेळा संधी. हात लागला की गुण, पाय लागला की गुण, दोघांना टिपलं तर दोन. समोर सहा किंवा सात गडी उभे असताना बोनस रेषा नीट ओलांडली तर कुणालाही न शिवता एक गुण. बचाव करणाऱ्याचं तसं नाही. समोरचा आत यायला हवा, त्यातून आपल्याच बाजूला यायला हवा, आणि सापडला तरी मध्यरेषेपर्यंत हात पोचता कामा नये. एवढं करून गुण मिळतो एक. समोरच्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना त्यांनी पकड केली, तरच दोन.

म्हणून आकडे असे दिसतात. २०१७ च्या मोसमात पाटण्याच्या प्रदीप नरवालनं चढाईचे ३६९ गुण मिळवले. एका मोसमात पकडीच्या १०० गुणांपर्यंत पोचणारा पहिला बचावपटू नितेश कुमार, २०१८ च्या मोसमात. म्हणजे बचावपटूनं शंभर केले तर तो विक्रम, आणि चढाईच्या राजाचे त्याच्या साडेतीनपट. मग कोण घेईल बचावपटू?

कुणीच नाही! पहिल्या आठवड्यात आम्ही मैदानावरचेच गुण वहीत घेत होतो. स्पर्शाला एक, पकडीला एक. वर्गात एकूण नऊ गट, छत्तीस वह्या, आणि बहुतेक वह्यांत सातच्या सात चढाईवाले. एक मुलगा तर म्हणाला, “बाई, माझ्या संघात सगळे चढाईलाच गेले तर घरी कोण?” त्याला आपल्या संघात काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण गुण सोडवत नव्हते.

मग वर्गानं ठरवलं, पकडीला तीन गुण. झालं! दुसऱ्या दिवशी सगळे बचावपटूंवर तुटून पडले. ज्यांची नावं कुणाला माहीत नव्हती असे कोपरारक्षक एकदम भाव खायला लागले. तिसऱ्या आठवड्यात सभा भरली, आणि पकडीला दोन गुण असा तह झाला. मला यात फार गंमत वाटली. खेळाडू तेच, त्यांची ताकद तीच, टीव्हीवर ते खेळले तेही तसंच. आम्ही फक्त फळ्यावरचा एक आकडा पुसून दुसरा लिहिला होता, आणि लगेच चांगला कोण, वाईट कोण, हे बदललं होतं. परीक्षेच्या गुणपत्रकाबद्दल पालक माझ्याशी बोलतात तेव्हा मला हा फळा आठवतो. असो.

तर तह झाल्यावरची गोष्ट. एका गटातल्या मुलाची पाळी आली. फळ्यावर दोन नावं राहिली होती. चढाईवाला सामन्यामागे ११ गुण देणारा, पकडवाला ८ देणारा. पोरानं क्षणभरही विचार न करता चढाईवाल्यावर बोट ठेवलं. बरोबरच आहे, ११ मोठे की ८?

मी म्हटलं, “थांब. तुझी पाळी परत कधी?”

“तिघांनंतर.”

“तोवर काय उरेल ते बघ.”

चढाईवाल्यांच्या यादीत त्याच्याखाली १०, ९, ९, ९ असे गडी होते. पकडवाल्यांच्या यादीत ८ नंतर एकदम ४. मधे कुणीच नाही. आता मुलांनो, तुम्हीच मांडा. आत्ता ११ चा चढाईवाला घेतला, तर तिघांची पाळी होऊन परत आपल्याकडे येईपर्यंत ८ चा पकडवाला कुणीतरी पळवणार, आणि हातात येणार ४ चा. ११ आणि ४, पंधरा. उलट आत्ता ८ चा पकडवाला उचलला, तर तिघांनी आपापला चढाईवाला नेला तरी एक ९ चा उरणारच. ८ आणि ९, सतरा.

त्यानं बोटांवर दोनदा मोजलं, एकदा वहीत मांडलं, आणि मग ओरडला, “म्हणजे लहान घेतला तर मोठा होतो!” संपूर्ण वर्ग हसला. पण त्याला जे कळलं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. हा गडी किती चांगला, एवढंच विचारून भागत नाही. हा नाही घेतला तर त्याच्या जागी कोण मिळेल, हेही विचारायचं. बाजारात आपण हेच करतो. आंबे चार गाड्यांवर आहेत आणि फणस एकाच गाडीवर, तर आधी फणसाकडे जायचं.

खऱ्या संघांनाही हा पेच चुकलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून दणदणीत खेळला. पहिल्याच मोसमात चढाईचे दोनशेच्या वर गुण. पुढच्या लिलावात, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाख रुपयांना घेतलं. त्यानं तिथेही पुन्हा दोनशेच्या वर गुण केले. आणि संघ? बारा संघांत अकरावा. त्याच वर्षी प्रदीप नरवालनं तीनशेचा आकडा ओलांडला, पण पाटणा पहिल्या सहांतही आलं नाही. त्याच प्रदीपच्या ३६९ गुणांवर २०१७ मध्ये पाटणा विजेतं ठरलं होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकाच बाजूचं बोलतात.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. आमच्या वर्गातले यू मुंबावाले तेव्हा खूप हसले होते. पकड करणाऱ्या गड्यासाठी एवढे पैसे! मार्च २०२४ मध्ये पुणे पहिल्यांदा विजेतं झालं. पुढच्या मोसमात शादलू हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणाही पहिल्यांदा विजेतं झालं. त्यानंतर हसणं थांबलं.

माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, यात काही नवल वाटलं नाही. ते माजिवड्यातले जुने गडी. घोडबंदर रस्त्याला आजच्यासारखी रहदारी नव्हती, उड्डाणपूल नव्हता, मेट्रोचे खांब तर स्वप्नातही नव्हते, तेव्हा भात कापून झाल्यावर रिकाम्या शेतात पाणी मारून, जमीन चोपून मैदान करायचे. खेळाला कबड्डी कमी आणि हुतूतू जास्त म्हणायचे. अण्णा डाव्या कोपऱ्यावर उभे राहायचे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी आहेत, आणि नातवंडांना ती दाखवताना ते जरा जास्तच वाकडी करतात.

मी त्यांना आमचं गुणपत्रक दाखवलं. चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, “यात मी कुठंय?”

“पकडीचे दोन गुण आहेत की.”

“मी घोटा धरायचो. मागून दोघं येऊन कंबर धरायचे, एक जण मधली वाट अडवायचा. ते तिघं कुठंयत?”

२०१८ च्या आशियाई स्पर्धेचा उपान्त्य सामना अण्णांनी आमच्याच घरी बसून पाहिला होता. १९९० पासून भारतानं पुरुषांच्या कबड्डीत सलग सात सुवर्णपदकं घेतली होती. त्या वर्षी संघात आपल्या ठाणे जिल्ह्याचा बचावपटू गिरीश इरनाकही होता, त्यामुळे घरात शेजारीपाजारीही जमले होते. इराणनं आपल्याला २७-१८ असं हरवलं. सगळे आपल्या चढाईवाल्यांना नावं ठेवत होते. अण्णा एवढंच म्हणाले, “आपले एकेकटे जातायत. ते चौघं मिळून धरतायत.” फजल अत्राचलीचं नाव तेव्हापासून आमच्या घरात आदरानं घेतलं जातं. तो आधी यू मुंबाकडून खेळला होता म्हणून जरा जास्तच.

अण्णांचा प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात आपोआपच निघाला, आणि तो माझ्याकडून नव्हे. मागच्या बाकावर एक मुलगी बसते. शाळेच्या मुलींच्या संघात ती मध्यरक्षक आहे. सबंध वर्षात तिनं आपणहून हात वर केला असेल चार वेळा. त्यातली ही एक. म्हणाली, “बाई, साखळी करून धरलं तर गुण एकीलाच का?”

खरंच आहे. दोघी हातात हात गुंफून साखळी करतात, चढाईवाली त्यात अडकते, तिसरी येऊन तिला खाली पाडते. हिशेब लिहिणारा मात्र ज्यानं पकड सुरू केली त्याच्याच नावावर गुण मांडतो. बाकीच्यांनी काय केलं ते मैदानावरच राहतं.

त्या दिवशी आमच्या तक्त्यात नवा रकाना आला. नाव वर्गानंच दिलं, ‘हातभार’. पकडीत मदत करणाऱ्याला अर्धा गुण. अडचण एवढीच की वर्तमानपत्रात हातभार छापून येत नाही. तो मोजायचा तर सामना डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो. आणि काय सांगू, ज्या मुलांना आजवर फक्त हवेत उडी मारून परतणारा चढाईवाला दिसायचा, ती मुलं कोपऱ्यावरचा पाय किती मागे आहे, मधल्यानं साखळी कधी सोडली, यावर बोलायला लागली. दोन घरांतून मात्र माझ्याकडे तक्रार आली, की रात्री टीव्ही बंद करू देत नाहीत. ती योग्यच होती. साडेनऊनंतर हातभार मोजायचा नाही, असा नियम मी केला.

पालकसभेत एका वडिलांनी गंभीरपणे विचारलं, “बाई, हा जुगार तर नाही ना?” त्यांचं विचारणं मला आवडलं. आमच्याच इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलानं फोनवर असेच संघ लावून परीक्षेची फी घालवली होती. रोज थोडे थोडे करत. घरात कळलं तेव्हा त्याच्या आईनं सोन्याच्या कानातल्यांवर कर्ज काढून फी भरली, आणि तो मुलगा महिनाभर जिन्यात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि फोनवरच्या मोठमोठ्या कंपन्यांना पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. मी त्या वडिलांना खण उघडून चिंचोके दाखवले. त्यांनी एक उचलून लाल ठिपका पाहिला आणि विचारलं, “मी पण एक वही केली तर चालेल का?” त्यांचा संघ आता आमच्या फळ्यावर शेवटून दुसरा आहे.

इथपर्यंत सगळं कागदावर होतं. २०२५ च्या डिसेंबरात ते मातीत उतरलं.

केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी आमच्या चौथी-पाचवीच्या मुलींचा संघ निवडायचा होता. बारा जणींची यादी झाली, सात मैदानात, पाच राखीव. सहा जणी ठरल्या, तीन चढाईवाल्या, उजवा कोपरा आणि दोन मध्यरक्षक. सातवी कोण? दोन मुली होत्या. दोघींची नावं इथे लिहीत नाही. वर्गात शेजारी शेजारी बसतात, एकमेकींचा डबा खातात, शाळेतून जाताना नाक्यापर्यंत एकाच छत्रीतून जातात. पहिली चढाईची. वाऱ्यासारखी आत जाते, हात मारते आणि हसत परत येते. तिच्या वडिलांची रिक्षा आहे. मुलीचा सामना बघायला त्यांनी त्या दिवशी रिक्षा बंद ठेवायचं आधीच जाहीर केलं होतं. दुसरी डाव्या कोपऱ्यावरची. ती पळत नाही, बोलत नाही, उभी असते. आणि घोटा एकदा हातात आला की सोडत नाही.

सरावाचे तीन सामने झाले. पहिलीचे नऊ गुण, दुसरीच्या चार पकडी. अख्खा वर्ग वह्या काढून बसला. मैदानाचा हिशेब म्हणाला, पहिली, नऊ विरुद्ध चार. आमच्या तक्त्याचा हिशेब म्हणाला, नऊ विरुद्ध आठ, तरी पहिलीच. पहिलीच्या बाजूचे टाळ्या वाजवायला लागले. निर्णय मला द्यायचा होता, आणि मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी सांगणार होते.

मधल्या सुटीत पहिली माझ्या टेबलापाशी आली. हातात गणिताची वही, मागून उघडलेली. एका बाजूला तिनं चढाई करणाऱ्या मुलींची नावं लिहिली होती, तिच्या स्वतःच्या नावासकट चार. दुसऱ्या बाजूला ‘डावा कोपरा’ असं लिहून खाली एकच नाव.

“बाई, मी नाही खेळले तर चढाईला तिघी आहेत,” ती म्हणाली. “ती नाही खेळली तर तिथं कुणीच नाही.”

मी वही बघत राहिले. आकडे नीट मांडले होते, खाडाखोड नव्हती.

“तुझे बाबा येणार आहेत ना?”

“मी राखीव आहे म्हणून सांगीन.”

ती वही घेऊन गेली. थोड्या वेळानं मी व्हरांड्यात गेले तर ती नळापाशी उभी राहून तोंड धूत होती. बराच वेळ धूत होती. मी हाक मारली नाही.

सामन्याच्या दिवशी तिचे वडील आले. रिक्षा कुंपणाबाहेर लावून पूर्ण वेळ उभे होते. पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा तीन गुणांनी हरलो आणि स्पर्धेबाहेर पडलो. दुसऱ्या सामन्याच्या शेवटच्या चार मिनिटांत मी पहिलीला आत पाठवलं. तिनं एक गडी टिपला, एकदा पकडली गेली. वडिलांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

त्याआधी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून ती आमच्या संघाचा हिशेब लिहीत होती. तिला मी तसं सांगितलं नव्हतं. पंचांच्या गुणफलकावर जे असतं ते सगळं तिच्या कागदावर होतं, आणि शेवटी पट्टीनं आखलेला आणखी एक रकाना होता, हातभाराचा. मध्यरक्षक मुलीच्या नावापुढे, जी वर्षात चारदा हात वर करते, सात उभ्या रेघा होत्या. तो कागद पहिलीनं मला दिला नाही. तिला देऊन टाकला.